'पकड म्हणजे काय?' : सिमँटिक डिमेन्शिया आणि त्याची भावंडं

गवतीचहा | ३ जून, रात्री ११:४०

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबांचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, पस्तीस वर्षांचं. गिऱ्हाईक नुसतं "ते नळाच्या आत असतं ना, काळं, गोल" म्हणालं की बाबांचा हात बरोबर त्या खणात जायचा. चार वर्षांपूर्वी, तेव्हा बाबा सत्तावन्नचे, दादा शिडीवर चढला होता. वरून म्हणाला, "बाबा, पकड द्या जरा." बाबा गल्ल्यावर, समोर खिळ्यांना पाच पकडी टांगलेल्या. बाबांनी विचारलं, "पकड म्हणजे काय?"

दादाला वाटलं चेष्टा करतायत. मग तो चिडला. बाबा नाही चिडले. "पकड... पकड..." असं दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी. उच्चार अगदी स्वच्छ. चेहरा मात्र तेलुगू शब्द ऐकल्यासारखा कोरा.

त्यानंतर कानस गेली, पटाशी गेली, ओळंबा गेला. सगळ्याला "ते हे", नाहीतर "वस्तू". मग हे स्वयंपाकघरात शिरलं. कारलं हातात घेऊन "हे खायचं असतं का?" बदक, कोंबडी, मोर सगळे आधी "पक्षी" झाले, आणि गेल्या वर्षापासून कुत्र्या-मांजरांसकट "प्राणी".

आणि विसरत तर काहीच नाहीत हो! परवा घरी कोण आलं होतं, कुणाची उधारी किती, पाटणची एसटी किती वाजता, सगळं तोंडपाठ. गल्ल्याचा हिशोब पै न् पै जुळतो. पेपर मोठ्याने वाचतात, जोडाक्षरालाही अडखळत नाहीत. वाचून झालं की आईला विचारतात, "महापौर म्हणजे काय गं?" आई म्हणते, नाटकं करतात.

एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे बी-१२ची इंजेक्शनं झाली, तिसरीकडे वर्षभर डिप्रेशनच्या गोळ्या. शेवटी पुण्यात एमआरआय झाला आणि एका बाईंनी दोन तास बसून चाचण्या घेतल्या. बदकाचं चित्र दाखवलं, झाकलं, थोड्या वेळाने आठवून काढायला सांगितलं. बाबांनी मन लावून काढलं. चार पायांचं बदक.

निदान सिमँटिक डिमेन्शिया, कागदावर पुढे कंसात 'फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा प्रकार'. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग होती. हे नेमकं काय असतं? पुढे काय होतं? मला आणि दादाला होऊ शकतं का? आणि आईला कसं पटवू?

रिकामटेकडा | ४ जून, सकाळी ७:१५

माझ्या आजोबांना अल्झायमर होता. भिजवलेले अक्रोड आणि ब्राह्मी तेल चालू करा. रोज शब्दकोडं सोडवायला द्या, मेंदूला व्यायाम होतो. आणि शब्द तर हल्ली मलाही आठवत नाहीत, पन्नाशीनंतर सगळ्यांचंच होतं. फार मनावर घेऊ नका.

तळटीप | ४ जून, सकाळी १०:०२

वाचा-उपचार हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा विस्ताराने.

रिकामटेकडा काका, तुम्हाला शब्द आठवत नाही आणि कुणी सांगितला की तुम्ही "हां, तेच तेच!" म्हणता. बरोबर? म्हणजे शब्द आत आहे, ओठावर येत नाहीये. गवतीचहाच्या बाबांच्या ओठावर शब्द आहे, आत काही नाही. पकड हा शब्द सांगूनही, पकड समोर टांगलेली असूनही. ही दोन दुखणी पार वेगळी आहेत. अक्रोड खा, चांगलेच असतात, पण शब्दकोडं त्या माणसापुढे ठेवू नका. ती रोजची परीक्षा होईल, आणि निकाल आधीच ठरलेला.

आठवण म्हटलं की आपण घडलेल्या गोष्टी धरतो: काल दुपारी काय जेवलो, लग्नात कोण रुसलं होतं. पण चिंच आंबट असते, बदकाला दोन पाय असतात, कानशीने घासतात हेही आपल्याला आठवतच असतं. ते कधी शिकलो हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली या दोन आठवणींना वेगळी नावं दिली: घडलेल्या गोष्टींची ती 'एपिसोडिक', अर्थांची ती 'सिमँटिक'. तीनच वर्षांनी लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी असे तीन रुग्ण नोंदवले, ज्यांची पहिली आठवण बऱ्यापैकी शाबूत होती आणि दुसरी झिजत चालली होती. 'सिमँटिक डिमेन्शिया' हे नाव १९८९ मध्ये मँचेस्टरच्या मंडळींनी दिलं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा उलटं होतं: आधी कालचं जातं, बदक बराच काळ टिकतं.

झिजतो तो कानशिलामागचा मेंदूचा भाग, टेम्पोरल लोब, आणि तोही पुढच्या टोकाकडून. सहसा डावीकडे जास्त. उजवीकडे जास्त झिजला तर नावांआधी चेहरे जातात. सख्खी बहीण दारात उभी असते आणि माणूस "कोण हवंय?" विचारतो.

झीज वरवरची नसते, बारकाव्यांकडून ढोबळाकडे जाते. आधी तितर आणि लावा यांतला फरक जातो, मग कोंबडी आणि बदक, मग उरतो नुसता "पक्षी", मग "प्राणी". चार पायांचं बदक तिथूनच येतं. प्राण्याला पाय किती? चार. बदकाचं बदकपण गेलं की हात प्राणी काढतो. या क्षेत्रात ते चित्र प्रसिद्धच आहे. केंब्रिजच्या संशोधकांच्या २००३च्या एका लेखाच्या शीर्षकातच चार पायांचं बदक आहे. कराडच्या बाबांनी तेच काढावं, याचं मला नवल नाही वाटलं. वाईट वाटलं.

ओसाकाकर | ४ जून, दुपारी २:३०

पेपर वाचण्यावरून एक. जपानमध्ये हा आजार फार आधी लक्षात आला होता, आणि तो लिपीमुळे. इमुरा नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्येच त्याला 'गोगी' म्हणजे शब्दार्थाचा वाचाघात म्हटलं. जपानीत काना अक्षरं आपल्या बाराखडीसारखी, दिसतं तसं वाचायचं. कांजी चिन्हांचा उच्चार मात्र शब्द ओळखीचा असेल तरच येतो. या रुग्णांचं काना वाचन उत्तम आणि कांजीची पार वाट. इंग्रजीतही तसंच, स्पेलिंगवरून उच्चार न कळणारे शब्द चुकतात. 'पिंट' असं लिहून 'पाइंट' वाचायचं असतं, ते हे लोक 'मिंट'च्या चालीवर वाचतात.

आपली देवनागरी पडली सरळ. अर्थ गेला तरी वाचन चालूच राहतं. त्यामुळे घरच्यांना "अहो, पेपर वाचतात की खडाखडा!" असं वाटतं. इथे लिपीच आजार झाकते.

गवतीचहा | ४ जून, रात्री १०:१०

अंगावर काटा आला वाचून. आईचं पालुपद हेच आहे, "पेपर वाचतो त्या माणसाला काय झालंय?"

ओसाकाकर, आज मुद्दाम लक्ष दिलं. 'पाण्याचा जग' हे शब्द बाबांनी 'सारं जग'मधल्या जसारखे वाचले. एकदाच. योगायोगही असेल.

सायली_ठाणे | ५ जून, रात्री १:२०

झोप येत नाही म्हणून लिहिते. मूळ प्रश्नाशी संबंध आहे की नाही, माहीत नाही. माझ्या नवऱ्याच्या कागदावरही फ्रंटोटेम्पोरलच लिहिलंय, पण त्याचा एकही शब्द गेलेला नाही. त्याचा तोच गेलाय.

बँकेत अधिकारी होता. इतका भिडस्त की हॉटेलात चहा गार आला तरी बोलायचा नाही. बावन्नाव्या वर्षी लिफ्टमध्ये परक्या बायकांना वय विचारायला लागला. रोज अर्धा किलो पेढे. आमची मुलगी तापाने फणफणलेली, हा शेजारी बसून टीव्हीचा आवाज वाढवतोय. मला वाटलं बाहेर काही भानगड आहे. भांडले, माहेरी गेले, वकिलाकडेही जाऊन आले.

सासूबाईंच्या दहाव्याला घाटावर सगळे उभे. कावळा शिवेना. दीर हात जोडून काय काय कबूल करतोय, नणंद रडतेय. आणि हा शांतपणे पुढे गेला, पिंडाशेजारच्या पानातला लाडू उचलला आणि खायला लागला. आईच्या पिंडाजवळचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगलाय."

त्या दिवशी मला कळलं की हा दुष्टपणा नाही. दुष्ट माणूस निदान इकडेतिकडे बघतो.

तरी त्यानंतर दोन वर्षं गेली निदानाला. मध्ये एकीकडे अल्झायमरची गोळी सुरू झाली, डोनेपेझिल. त्यावर तर तो रात्र रात्र येरझाऱ्या घालायला लागला.

स्टेथो | ५ जून, सकाळी ८:४५

सायली, संबंध आहे. सख्खा आहे. फ्रंटोटेम्पोरल म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग झिजवणाऱ्या आजारांचं कुटुंब, सिमँटिक त्यातलाच. तुम्ही जे लिहिलंय तो याच कुटुंबातला थोरला भाऊ, वागणूक बदलणारा प्रकार. २०११ साली त्याचे निदानाचे निकष ठरले, त्यात सहा गोष्टी आहेत: भीड सुटणं, काही करावंसंच न वाटणं, दुसऱ्याचं दुःख न पोचणं, तेच तेच करत राहणं, खाण्यात बदल (गोडाची हाव फार), आणि नियोजन कोलमडणं. सहापैकी तीन असतील तर संशय घ्यायचा. तुमच्या एका पोस्टमध्ये मी चार मोजल्या. पुष्कळांना हे पंचेचाळीस ते पासष्टमध्ये होतं. या वयात डिमेन्शिया कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून ही माणसं आधी मानसोपचार, समुपदेशन, फॅमिली कोर्ट अशी फिरून मग आमच्याकडे येतात.

तिसरा प्रकार अडखळत्या बोलण्याचा. शब्द कळतो, पण बोलणं तुटक होत जातं, व्याकरण ढासळतं. ब्रूस विलिसच्या घरच्यांनी २०२२ मध्ये आधी वाचाघात जाहीर केला आणि २०२३ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, तेव्हा हे नाव पेपरात आलं. आजार मात्र जुना. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये एकाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांचं वर्णन केलं होतं. वाचाही गेलेली, वागणंही बदललेलं. जुनी डॉक्टर मंडळी अजून 'पिक्स डिसीज' म्हणतात ते त्यावरून.

डोनेपेझिलबद्दल: अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, ही गोळी ते टिकवून धरते. फ्रंटोटेम्पोरलमध्ये मूळ तूट ती नसतेच, त्यामुळे फायदा होत नाही, काहींची अस्वस्थता वाढते. मूळ आजार थांबवणारं औषध आज नाही. वागणुकीच्या त्रासासाठी डिप्रेशनवरच्या काही गोळ्या, ट्रॅझोडोनसारख्या, वापरतात. कुणीही हे वाचून घरी गोळी बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

गवतीचहा, आनुवंशिकतेचं. या कुटुंबातल्या बाकीच्या प्रकारांमध्ये घराण्यात चालत येणारी प्रकरणं सापडतात. एक जनुकबदल तर, २०११ मध्ये सापडलेला सी९ओआरएफ७२, एकाच घरात कुणाला हा डिमेन्शिया आणि कुणाला हातापायांचे स्नायू सुकवणारा मोटर न्यूरॉनचा आजार देतो. पण सिमँटिक प्रकार त्यात अपवाद आहे. तो बहुतांशी सुटा येतो, घराण्यातून क्वचित. पेशींत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन गोळा होतं. ते २००६ साली ओळखू आलं, आणि २०२४ मध्ये कळलं की या प्रकारात त्याच्याबरोबर ॲनेक्सिन ए११ नावाचं आणखी एक प्रथिन गुंफलेलं असतं. घरात आणखी कुणाला असलं काही झालं नसेल, तर तुम्ही दोघं भावंडं यावर झोप घालवू नका.

पुढचं विचारलंत म्हणून सांगतो. हा संथ चालतो, दहा-बारा वर्षंही. पुढे पुढे वागणूक ताठर होते. तोच पदार्थ, तीच वेळ, घड्याळाकडे डोळे. सायलीच्या घरातलं थोडंफार तुमच्याकडेही येईल. आकडे आणि हिशोब मात्र बराच काळ टिकतात.

मुक्कामपोस्ट | ५ जून, दुपारी १२:१०

दोन-तीन भाषा येणाऱ्यांना डिमेन्शिया होत नाही असं वाचलं होतं. कराडच्या माणसाला मराठी, हिंदी, थोडं कानडी येणारच की.

स्टेथो | ५ जून, दुपारी १:००

होत नाही असं नाही, उशिरा होतो. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले होते, २०१३ चा अभ्यास. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, निरक्षरांतसुद्धा. पण त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात दिसलं की फ्रंटोटेम्पोरलमध्ये हा फायदा वागणुकीच्या प्रकाराला मिळतो, वाचेच्या प्रकारांना नाही.

तळटीप | ६ जून, सकाळी ९:३०

घरात काय करायचं, ते राहिलंच होतं.

"हे काय आहे, सांगा बघू" बंद. आजपासून. पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही.

त्यांच्या वापरातल्या वस्तू बदलू नका. नवी, भारी, सोयीची आणू नका. या रुग्णांना स्वतःची वस्तू, स्वतःच्या जागी, वापरता येते, आणि तशीच दुसरी दिली तर तिचं काय करायचं ते कळत नाही. तुमचा कप त्यांच्यासाठी 'कप' नसतो. तो 'सकाळी सातला खिडकीत असतो तो' असतो.

शब्दांचा सराव चित्रांसोबत केला तर काही शब्द परत येतात, पण सराव थांबला की जातात. म्हणून पंचवीस-तीसच घ्या, रोज लागणारे. महापौर सोडून द्या.

गवतीचहा | ६ जून, रात्री ९:५०

हे आधी माहीत असतं तर! मी काय केलं होतं, सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. बाबांनी "मीठ" असं मोठ्याने, स्वच्छ वाचलं आणि दोन चमचे चहात घातलं.

सायली_ठाणे | ६ जून, रात्री ११:३०

फिनेलची आणि भांडी घासायच्या लिक्विडची बाटली कडीकुलपात ठेव. हसू नकोस. सरबताच्या रंगाची असते ती.

ओसरीवरून | ७ जून, सकाळी ११:००

वकिली करते, रूक्ष पण कामाचं सांगते. पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१: मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनोवस्था ठीक राहिली नाही की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, त्याच दिवशी निकामी. मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. वेळ जातो, पैसा जातो.

म्हणून बाबांना व्यवहार कळतोय तोवर खाती संयुक्त करा, दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी. दुकान भाड्याचं आहे की मालकीचं, कुणाच्या नावावर, बघून घ्या. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडून. सायली, तुमच्याकडे खातं एकट्याचं असेल तर मला विपू (विचारपुशीत निरोप) करा, लगेच.

रिकामटेकडा | ७ जून, दुपारी ४:४०

पहिला प्रतिसाद मागे घेतो. मिसेसला हा धागा वाचून दाखवला. माझ्या थोरल्या मेहुण्यांबद्दल आम्ही चार वर्षं काय काय बोललोय, ते इथे लिहिण्यासारखं नाही. वाचनखूण साठवली आहे.

गवतीचहा | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२५

खूप महिन्यांनी धागा वर काढतेय. विपूत काही जणांनी विचारलं होतं.

खात्यांचं काम दिवाळीआधी झालं. ओसरीवरून, तुमचे उपकार.

दुकानात दादाने एक केलं. गल्ल्यावर बाबाच बसतात, पण माल काढून द्यायला एक पोरगा ठेवलाय. बाबा बिल करतात, बेरीज तोंडी, चूक नाही. दुपारी गर्दी नसली की एका परातीत नट, बोल्ट, वॉशर एकत्र ओतून देतो. बाबा मापाप्रमाणे वेगळे करतात. वॉशर म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, पण पाच आणि सहा मिलिमीटरचा बोटांना कळतो. संध्याकाळी मोजून आकडा लिहितात. बरोब्बर साडेसहाला उठतात, गिऱ्हाईक समोर असलं तरी. त्याची सवय गिऱ्हाइकांनीच करून घेतली.

आईला आम्ही कुणी पटवू शकलो नाही. गणपतीत पेढ्यांसोबत बाबांनी कापराची वडी तोंडात टाकली. आईने ती बोटाने काढली आणि बाबांकडे बघत राहिली. त्यानंतर 'नाटकं' हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नाही.

बाबांची एक जुनी पकड आहे, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. दुकानातली नवी कोरी हातात दिली तर उलटसुलट करून बघतात आणि खाली ठेवतात. लाल टेपवाली दिली की हात आपोआप वळतो. ती आता मोरीतल्या खिळ्याला असते. परवा नळ गळायला लागला तर आईने नुसतं नळाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते हे घ्या." बाबांनी बरोबर लाल टेपवाली काढली आणि नळ आवळला. आईने मला रात्री फोन करून सांगितलं. म्हणाली, "पकड म्हटलं की गोंधळतात गं. ते हे म्हटलं की लगेच."

सायली, तू कशी आहेस? लिहीत जा.

सायली_ठाणे | २३ फेब्रुवारी, रात्री १२:४०

विपू केली आहे. रविवारी तीननंतर फोन कर, तेव्हा हा झोपलेला असतो.